तीस गॅलन शिळे पाणी

मी एक जुना ट्रेलर आहे. गाडीच्या मागे जोडून ओढून न्यायचे चाकांवरचे घर, असे म्हटले म्हणजे माझे रूप तुमच्या डोळ्यांसमोर येईल. आज मी विस्कॉन्सिनमधल्या एका शेताच्या कडेला उभा आहे. माझी चाके गवतात निम्मी बुडाली आहेत आणि पत्र्याचा रंग हाताला लागतो. मित्रांनो, मी थकलो आहे. थकलेल्याने फार लांबण लावू नये. पण माझ्यावर चार वर्षे एक आळ होता. तो कसा आला आणि कसा उतरला, तेवढे सांगितले म्हणजे मी मोकळा होईन.

माझा जन्म इंडियाना राज्यातील एका कारखान्यात १९७१ साली झाला. कुणी माझी कपाटे बसवली, कुणी खिडक्या. सगळ्यांत शेवटी एक वयस्क कामगार आला. त्याने माझ्या पोटातली पाण्याची टाकी काठोकाठ भरली, तीस गॅलन, आणि तो माझ्याखाली उताणा निजला. आपला कोरडा तळहात त्याने टाकीच्या प्रत्येक सांध्यावरून फिरवला. हात कोरडाच राहिला, तेव्हा त्याने खडूने एक खूण केली आणि तो उठला. ती खूण पहिल्याच पावसात पुसली गेली. मी मात्र ती कधी विसरलो नाही.

माझी पहिली बारा वर्षे मिशिगनच्या तळ्याकाठी गेली. मासेमारीची आवड असलेले एक जोडपे मला दर उन्हाळ्यात तिथे नेत असे. त्यांचे गुडघे दुखू लागले, तसा मी विकला गेलो. १९८३ साली मला शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावातल्या संजीव चांदूरकरांनी घेतले. संजीव मूळचे अमरावतीचे, पेशाने इंजिनियर. त्यांच्या पत्नी विनीताबाई. मुलगी सुनेत्रा तेव्हा अकरा वर्षांची होती, मुलगा नंदू पाच वर्षांचा. मी दारात आलो त्या दिवशी विनीताबाईंनी माझ्या लोखंडी दांड्याला हळदकुंकू लावले आणि ड्राइव्हवेवर नारळ फोडला. समोरचा शेजारी गवत कापायचे यंत्र बंद करून पाहत राहिला. इतका मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

पुढच्या वर्षी संजीवचे वडील अमरावतीहून कायमचे राहायला आले. मुले त्यांना आजोबा म्हणत. मीही तेच म्हणेन. आजोबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षे त्यांनी बाजारपेठांतून हिंडून हलकी वजने आणि ठोकून आत घेतलेली मापे पकडली होती. शॉमबर्गमध्ये मात्र त्यांना पकडण्यासारखे किंवा करण्यासारखे काहीच नव्हते. "बाबा, तुम्ही बसा, आराम करा," असे सगळे प्रेमाने म्हणत, आणि आजोबा खिडकीशी बसत. एक काम मात्र त्यांनी कुणाला दिले नाही. रोज सकाळी ते आपला तांब्या घेऊन माझ्या शेजारच्या छोट्या मेपलच्या झाडापाशी येत, रात्रीचे पाणी त्याच्या बुंध्याशी ओतत आणि तांब्या ताजा भरून घेत. रात्र ओलांडलेले पाणी शिळे. ते प्यायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम होता.

१९८५ च्या जूनमध्ये आम्ही पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्याने पाहायला निघालो. विनीताबाईंनी माझी कपाटे तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला, प्रेशर कुकर आणि तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्यांनी भरली. आयोवा गेले, नेब्रास्का गेले, कोलोरॅडोचे घाट आले. मी चौदा वर्षांचा होतो. चढावर माझे सांधे कुरकुरत. पण प्रवासात आजोबांना एक काम मिळाले होते. पहिल्या मुक्कामी त्यांनी संजीवांना विचारले, "ह्या टाकीतलं पाणी रोज बदलता की नाही?"

"बदलायची गरज नसते बाबा. टँक बंद असते."

"बंद असली म्हणून काय झालं? घागरही झाकलेलीच असते. शिळं ते शिळंच."

संजीव हसले आणि त्यांनी माझ्या बगलेखालची निचऱ्याची तोटी वडिलांना दाखवली. मग रोज पहाटे आजोबा तोटी उघडत, टाकी रिकामी करत, मुक्कामाच्या जागेवरचा नळ शोधून रबरी नळीने ती पुन्हा भरत. यूटा राज्यातल्या मोॲब गावी संजीव म्हणालेसुद्धा, "बाबा, पाण्याचं डिपार्टमेंट एकदम परफेक्ट सांभाळलंत तुम्ही!" त्या दिवशी आजोबांनी दशमी एक जास्त खाल्ली.

त्यानंतर आम्ही यूटाच्या दक्षिण भागात, लाल कड्यांच्या एका घळीत शिरलो. कच्चा रस्ता बावीस मैल आत जात होता. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये वाळू आणि खुरटी झुडपे. त्या दिवसात समोरून एकही गाडी आली नाही. शेवटच्या चढावर मला ओढणारी स्टेशन वॅगन तापली, रेडिएटर फुसफुसू लागला. संजीवांनी बरोबरचे पाण्याचे दोन्ही कॅन त्यात रिते केले, तेव्हा कुठे आम्ही मुक्कामी पोहोचलो. नकाशावर त्या जागेपुढे 'पाणी नाही' असे छापले होते. ते संजीवांनी वाचले होते, सुनेत्राने मोठ्याने वाचून दाखवले होते. पण ते इंग्रजीत आणि पुढच्या सीटवर. मागे डुलकी घेत बसलेल्या आजोबांना ते सांगावे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

पहाटे आजोबा उठले. तांब्या झुडपाशी ओतला. माझी तोटी उघडली आणि नळी खांद्यावर टाकून ते नळ शोधायला गेले. पाणी वाळूत पडत होते आणि पडताक्षणी नाहीसे होत होते. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. आजोबा शौचालयाच्या लाकडी खोलीला वळसा घालून आले, कड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. नळ नव्हता. ते परतले तेव्हा शेवटचे थेंब गळत होते. त्यांनी तोटी बंद केली. ओली वाळू पायाने पसरली. मग खांद्यावरची नळी तशीच ठेवून ते उभे राहिले. माझ्या खिडकीतून सुनेत्रा त्यांच्याकडे पाहत होती. तेरा वर्षांची ती मुलगी. तिने पडदा हळूच सोडला.

तासाभराने विनीताबाईंनी डाळ धुवायला नळ उघडला. पंप घरघरला आणि गप्प झाला.

"अहो, नळाला पाणी नाही."

"असं कसं? काल सकाळी बाबांनी फुल केली होती टँक!" संजीव रेडिएटर पाहत होते. तोही पुन्हा अर्धा झाला होता. टाकीतल्या पाण्याने तो भरून घेऊन निघायचे, असा त्यांचा हिशेब होता. ते येऊन माझ्याखाली वाकले. "ड्राय! एकदम ड्राय! बाबा, तुम्ही काही..."

"मेबी इट्स लीकिंग, डॅड," सुनेत्रा घाईने म्हणाली. "इट्स सो ओल्ड."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. मग ते नळी गुंडाळू लागले.

"मी म्हणतच होते, मोटेल घेऊ," विनीताबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला हे खटारं ओढायची हौस! आता काय, मुलांना वाळू पाजायची?"

खटारं. मी ऐकले आणि ऐकून घेतले. अर्ध्या रेडिएटरवर बावीस मैल कच्च्या रस्त्याने परत जाणे म्हणजे इंजिन गमावणे होते, आणि त्या उन्हात पायी जाणे म्हणजे त्याहून अधिक काही. वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. विनीताबाईंनी जे होते ते मांडले: शीतपेटीतल्या बर्फाचे वितळलेले पाणी, थर्मासातला कपभर चहा, संत्र्याच्या सोड्याचे दोन डबे. त्या वाटीने मोजून देऊ लागल्या. दहा वाजता माझा पत्रा हात लावू देईना.

"मला तहान नाही," आजोबा दर वेळी म्हणत आणि आपली वाटी नंदूच्या कपात ओतत.

"आजोबा, यू हॅव टू ड्रिंक," सुनेत्रा म्हणे.

"मला सवय आहे ग. आमच्याकडे उन्हाळा असाच असतो."

दुपारी एकच्या सुमारास आजोबा आतल्या बाकावर आडवे झाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, घाम येईनासा झाला होता. विनीताबाई ओल्या रुमालाने त्यांचे कपाळ पुसत होत्या आणि त्यांच्या आवाजातली धार गेली होती. "बाबा, एवढं घ्या ना. माझ्यासाठी घ्या." आजोबांनी मान फिरवली. सुनेत्रा जवळ येऊन बसली, तेव्हा ते पुटपुटले, "पोरी, ती टाकी... तू पाहिलंस ना?"

"आजोबा, तुम्ही काही बोलू नको," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "मी कोणाला नाही सांगणार. प्रॉमिस." आणि तिने वाटी त्यांच्या तोंडाला लावली. त्या वेळी ते प्यायले.

मित्रांनो, तेव्हाच मी ठरवले की हा आळ आपण घ्यायचा. ठरवले असे म्हणण्यात तसा अर्थ नाही, कारण नाकारण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते. पण मनापासून घेतलेले ओझे थोडे निराळे लागते.

साडेतीनला धुरळा दिसला. उद्यानाच्या रक्षक बाई आपल्या ट्रकमधून फेरीवर आल्या होत्या. त्यांच्याकडे पाण्याचे दोन मोठे पिंप होते. त्यांनी आधी आजोबांना घोटघोट पाणी दिले, मग मुलांना, मग रेडिएटरला. माझ्याकडे पाहून त्या संजीवांना म्हणाल्या की, इतक्या जुन्या टाकीच्या भरवशावर इथे येऊ नये. संजीवांनी मान डोलावली. आजोबा खाली वाळूकडे पाहत होते.

घरी परतल्यावर एका शनिवारी संजीवांनी माझी टाकी काठोकाठ भरली आणि खाली वर्तमानपत्रे अंथरली. दोन दिवसांनी ते माझ्याखाली उताणे निजले. कारखान्यातल्या त्या कामगारासारखाच त्यांनी आपला तळहात सांध्यांवरून फिरवला. कागद कोरडे होते, हातही कोरडा. ते बराच वेळ तसेच पडून राहिले. मग उठून त्यांनी खिडकीकडे पाहिले. तिथे आजोबा बसले होते. संजीव गॅरेजमध्ये गेले, गळती बुजवायच्या लुकणाची नळी घेऊन आले आणि माझ्या धडधाकट सांध्यांवर त्यांनी ते लुकण जाडसर थापले, खिडकीतून नीट दिसेल अशा बेताने. आत जाताना मोठ्याने म्हणाले, "सापडला लीक! छोटासाच होता."

चौतीस वर्षे खोटी मापे ओळखलेल्या माणसाला ते लुकण ओळखू आले असेल का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. विचार करायला वेळच वेळ होता. मला पुन्हा कुणी प्रवासाला नेले नाही. माझ्यावर निळी ताडपत्री आली. खारींनी माझ्या गाद्या कुरतडल्या, टायरांतली हवा बसली. नंदूचे मित्र विचारत, "व्हॉट्स दॅट?" तो म्हणे, "ओह, दॅट लीक्स." आजोबा मात्र रोज सकाळी तांब्या घेऊन मेपलपाशी येत. शिळे पाणी ओतून झाले की क्षणभर माझ्या तोटीवर हात ठेवत, आणि परत जात.

१९८९ च्या मे महिन्यात मला घ्यायला विस्कॉन्सिनहून एक सुतार आला. बरोबर त्याची बायको आणि कडेवरची मुलगी होती. त्याने माझे सांधे वाजवून पाहिले, वाकून ते लुकण पाहिले आणि विचारले, "टाकी गळते का?"

संजीव थबकले. वडील मागेच, मेपलपाशी उभे होते. "हो," संजीव म्हणाले. "एकदा गळली होती. यूटामध्ये."

"नो," मागून आवाज आला.

आजोबा पुढे आले. एका हातात तांब्या होता. सरकारी पत्रव्यवहारात घोटलेल्या त्यांच्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून ते त्या सुताराला म्हणाले की, ही टाकी कधीही गळलेली नाही; १९८५ च्या जूनमध्ये तिची तोटी मी स्वतः उघडली होती, आणि हे सांगायला मला चार वर्षे उशीर झाला आहे.

सुताराला यातले किती कळले कोण जाणे. "ओके, सर," तो अदबीने म्हणाला आणि दांडा पाहायला पुढे गेला.

"बाबा," संजीव हलक्या आवाजात म्हणाले, "मला माहीत होतं."

"ते लुकण थापलंस तेव्हाच मला कळलं. मी गप्प राहिलो, तूही राहिलास. घरातल्या घरात चाललं. पण हा माणूस लेकराला घेऊन आलाय, त्याला खोटं माप कसं देतोस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाटू दे की रे वाईट! तेवढं तरी माझं मला करू दे."

दारात सुनेत्रा उभी होती, आता सतरा वर्षांची. ती येऊन आजोबांच्या खांद्याला टेकली. "सॉरी, ट्रेलर," ती माझ्या पत्र्यावर टिचकी मारत म्हणाली. कुणी हसले नाही.

सुतार मला जोडून निघणार, इतक्यात आजोबांनी त्याला हात केला. त्यांनी बागेतल्या नळावर तांब्या ताजा भरून आणला आणि माझ्या टाकीच्या तोंडात ओतला. तीस गॅलनच्या टाकीत एक तांब्या! तो वाटभर माझ्या पोटात डुचमळत राहिला. एक थेंबही बाहेर आला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना तेल द्या, झाकून ठेवा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मी थोडे वेगळे मागतो. काही बिघडले तर सगळ्यांत म्हाताऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा खाली निजून कोरडा हात फिरवून पाहा. आणि प्रवासाला निघालात, की नकाशावर जिथे 'पाणी नाही' असे लिहिलेले असेल, ते मागच्या सीटवर बसलेल्यांनाही त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवा.