पुनमचे दात: निर्णयार्थ सादर

जगातला कोणताही प्रश्न कागदावर मधोमध रेघ मारली की दोन रकान्यांत बसतो, अशी विश्वंभरची चोवीस वर्षांच्या नोकरीतून झालेली श्रद्धा होती. पुनमचे वरचे दात मात्र तिच्या ओठांतही बसत नव्हते.

रविवारी सकाळी तो समोर पाट घेऊन, त्यावर कागद ठेवून बसला. कळमनुरीच्या कचेरीत लिहितो तसंच त्यानं वर लिहिलं: ‘विषय: कु. पुनम, वय वर्षे ८, हिचे दात आताच मागे घेणे किंवा कसे.’ डावीकडं ‘अनुकूल’, उजवीकडं ‘प्रतिकूल’.

मजकूर नांदेडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुरवला होता. जबडा वाढतोय तोवर प्लेट लावली तर तो वळतो. शिवाय पोर कुठं आपटली तर पुढं आलेले दात आधी तुटतात, ती भीती कमी होते. हे अनुकूल. पण प्लेट रोज न चुकता लावावी लागते, आणि बाराव्या वर्षी तारा बहुधा पुन्हा लागतातच; तोवर थांबलं तरी दात सरळ होतात. हे प्रतिकूल. “घाई नाही, पण ठरवा,” बाई म्हणाल्या होत्या.

ठरवा, असं विश्वंभरला नोकरीत कुणी म्हणालं नव्हतं. दोन्ही बाजू मांडायच्या, ‘निर्णयार्थ सादर’ लिहायचं आणि खाली डावीकडं सही करायची, एवढंच त्याचं काम. उजवीकडची सही साहेबांची.

घरीही तीच रीत होती. फ्रीज कोणता घ्यायचा, पुनमला कोणत्या शाळेत घालायचं, सगळं तोंडी बायकोपुढं, विजयापुढं, सादर व्हायचं. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मग हसायची. हसताना तिचे वरचे दात बाहेर डोकवायचे आणि ती चटकन तोंडावर हात धरायची. “झालं का तुमचं? मंग आता ऐका,” असं हाताआडूनच म्हणायची. की झाला निर्णय. तीन वर्षांपूर्वी विजया गेली. तेव्हापासून ते पद रिक्त होतं.

“काय लिहून राहिला रे?” तुरी निवडता निवडता मंजुळाबाईंनी, त्याच्या आईनं, विचारलं.

“पुनमच्या दाताचं.”

“लिहून दात मागं जातेत व्हय?”

“तुझं मत सांग की, आई.”

“लावून टाक. शाळंत खारूताई म्हणून राहिले लेकराला.”

“पण थांबलं तरी चालतंय म्हणल्या डॉक्टर.”

“मंग थांब.”

“आन् तवर पडली-बिडली तर?”

“मंग लाव की बाबा! दोन्हीकडून तूच बोलून राहिला, मला काहून विचारतो?”

विश्वंभरनं आईचे दोन्ही अभिप्राय आपापल्या रकान्यांत नोंदवले.

प्रतिकूल बाजूला अजून एक मुद्दा होता. त्यानं ‘हसताना ती’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. ती हसली की घरात क्षणभर विजया येते, हे कार्यालयीन मराठीत कसं लिहायचं ते त्याला सुचेना. फोटोत विजया कुठंच हसलेली नव्हती. सगळ्या फोटोंत ओठ घट्ट मिटून, कुणीतरी रागावल्यासारखी उभी. ते हसू आता पुनमच्या तोंडातच शिल्लक होतं.

तेवढ्यात पुनम बाहेरून आली आणि कागदात डोकावली. “बाबा, माझ्या नावाची फाईल?” ती खदखदून हसली. हसता हसता चटकन तोंडावर हात धरला.

विश्वंभर बघतच राहिला. तसाच हात. तशीच चार बोटं. हे कधीपासून?

“हात काहून धरला गं?”

“दात दिसतेत ना.”

“दिसले तर दिसले.”

“पोरी हसतेत, बाबा.”

ती आत पळाली. तो हात विजयाची लकब आहे असं विश्वंभर अकरा वर्षं समजत होता. त्याला ती फार आवडायची. पण काहून धरतेस, असं त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

त्यानं ‘हसताना ती’ खोडलं आणि कागदाची घडी करून खिशात टाकली.

पुढच्या रविवारी नांदेडच्या दवाखान्यात संमतीपत्रावर त्यानं खाली डावीकडं सही केली.

“काका, तिकडं नाही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “उजवीकडं. पालकाची सही तिथं असते.”

“तिथं दुसऱ्या कुणाची नाही ना लागत?”

“नाही, तुमच्या एकट्याची चालते.”

विश्वंभरनं उजवीकडं सही केली. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

प्लेट लागली. पहिला महिना पुनम बोबडं बोलायची, मग रुळली. अकराव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दात मोजले आणि खूश झाल्या. पुनम खुर्चीतून उतरून त्यांच्याकडं बघून हसली. विश्वंभर त्या हसण्यात विजयाला शोधत टक लावून बघत होता. मग त्यानं हळूच विचारलं, “मॅडम, चेहरा बदलला वाटतं हिचा?”

“दात चार मिलिमीटर मागं गेलेत.”

“चार मिलिमीटरनं एवढा फरक पडतो?”

“त्यानं नाही हो,” कार्डावर तारीख टाकत बाई म्हणाल्या. “या वयात चेहरा बदलतोच. प्लेट लावली नसती तरी बदलला असता.”