नमुन्यातला गुलाब

परीक्षकानं राणी रंगाच्या दोऱ्याची लडी भिंतीवरच्या नमुन्याच्या फ्रेमच्या काचेला दुसऱ्यांदा लावून पाहिली आणि ‘जुळत नाही’ म्हणून मान हलवली. पहिल्यांदा जुळली नव्हती ती दुसऱ्यांदा तरी कामून जुळेल, असं भागाबाईच्या मनात आलं. पण परीक्षेला बसलेल्या माणसानं परीक्षकाला असलं काही विचारायचं नसतं. ती बावन्न वर्षांची होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच परीक्षेला बसली होती.

बीदरात खाली टायरचं दुकान आणि वर हे भरतकामाचं केंद्र. जनवाड्याहून आठच्या बसनं येऊन भागाबाई इथं बावीस वर्षं पोरींना शिकवत होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरींकडं प्रमाणपत्रं होती, तिच्याकडं नव्हतं, आणि इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. यंदा मात्र वरून पत्र आलं की एप्रिलपासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला शिकवता येणार नाही. केंद्र सांभाळणाऱ्या नागरत्ना मॅडमनी खूप विचार करून तिचा अर्ज भरला. ‘प्रशिक्षकाचे नाव’ या रकान्यापाशी त्या जरा थांबल्या आणि मग तिथंही ‘भागाबाई’ असंच लिहून मोकळ्या झाल्या. अशा रीतीनं भागाबाई स्वतःची विद्यार्थिनी झाली. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागायची म्हणून रोज सकाळी ती स्वतःचं नाव पुकारायची आणि ‘हजर’ म्हणायची. भाच्याच्या लग्नाला गेली त्या दिवशी तिनं स्वतःला गैरहजर लावलं. खोटं कशाला लिहायचं.

परीक्षकाचं नाव मृत्युंजय. कलबुर्गीहून आलेला, पस्तिशीचा, खिशाला टेस्टर अडकवलेला. भरतकामाच्या परीक्षक बाईंच्या कमरेत उसण भरली होती. वायरमनच्या परीक्षेसाठी हा बीदरात आलेलाच होता, तेव्हा जाता जाता एवढंही उरकून या, असा त्याला निरोप आला. सकाळी आल्या आल्या त्यानं सगळ्यांसमोर कबूलच करून टाकलं.

“बगा अक्का, मी वायरमनचा माणूस. लाल, पिवळा, निळा, आन् अर्थिंगला हिरवा. ह्याच्या पुढचा रंग आला की मला शॉक बसतोय. म्हणून मी नमुना बघून मार्क देणार. नमुन्यात जे हाय ते तुमच्या कापडावर पाहिजे. माझ्याकडून अन्याय नको व्हायला.”

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

परीक्षेची रीत अशी, की आधी दोरे निवडून टेबलावर मांडायचे, परीक्षकानं त्यावर खूण करायची आणि मग चार तासांत फांदी भरायची. तीन गुलाब, एक कळी, नऊ पानं. दोरे बदलायची संधी एकदाच. भागाबाईनं बाहेरच्या पाकळ्यांना राणी, सावलीला डाळिंबी आणि पानांना तोतापुरी हिरवा मांडला. तिच्या मागच्या अकरा पोरींनीही राणी, डाळिंबी आणि हिरवाच मांडला, कारण गुलाब असाच भरायचा हे त्यांना सहा महिने भागाबाईनंच घोकवलं होतं. मृत्युंजयनं बाराही टेबलांवर फुल्या मारल्या. बाराही जणी नापास व्हायच्या वाटेला लागल्या आणि अजून अकरा वाजायचे होते.

भागाबाई उठून फ्रेमपाशी गेली.

“सायेब, ह्यो नमुना म्याच भरलेला हाय.”

मृत्युंजयनं फ्रेम पुढून, खालून, बाजूनं पाहिली. मॅडमनी नोंदवही काढली. तिच्यात ‘गुलाब फांदी, फ्रेमसह, नग एक’ एवढंच होतं. गुलाब कुणी भरला ते नाव कुठंच नव्हतं.

“तुमीच भरलाव म्हणताव,” मृत्युंजय अगदी मनापासून म्हणाला, “मग तर अक्का, तुमचं जुळायलाच पाहिजे की.”



केंद्र सुरू झालं त्या महिन्यात तिनं तो नमुना भरला होता. दोरे आणायला ती चौबारा बुरुजाजवळच्या दुकानात गेली, तर दुकानदारानं विचारलं, कुठला रंग पाहिजे. घरात लुगडं येई ते आणणाऱ्याच्या पसंतीचं. कुठला रंग पाहिजे हे तिला जन्मात कुणी विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि विचारणारा दुकानदार होता. मग तिनंही घाई केली नाही. ट्यूबलाइट रंगाच्या बाबतीत खोटं बोलते म्हणून सात गुलाबी लड्या उन्हात पायरीवर मांडायला लावल्या, एकेक धागा थुंकीनं ओला करून पदराच्या पांढऱ्या काठावर घासला आणि पाऊण तासानं राणी उचलली. दुकानदार म्हणाला, बाई, लग्नाला नवरा बघायला तरी एवढा वेळ लावला होता का. नव्हता. नवराही दुसऱ्यांनीच पाहिला होता.

फ्रेम लागली ती पश्चिमेच्या खिडकीसमोर. बावीस वर्षं दुपारचं ऊन रोज तिच्यावर येऊन बसलं. रंग एका दिवसात उडाला असता तर कुणी बोललं असतं. तो रोज थोडा थोडा गेला. पोरींना फूल शिकवताना भागाबाई फ्रेमकडं बोट दाखवायची आणि तिला तिथं राणीच दिसायचा, कारण तिनं राणीच भरला होता. आज परक्या माणसाच्या खांद्यामागं उभं राहून तिनं पाहिलं. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. हिरवी पानं चुलीतल्या राखेसारखी झालेली. एका पानाला कसर लागलेली. कोपऱ्यात खिळ्याच्या गंजाचा डाग.

मागून रूपालीनं हाक मारली. सगळ्यांत हुशार पोर, टाके मुंगीच्या रांगेसारखे सरळ.

“अक्का, आता काय करायचं वो? तुमीच तर सांगितलाव, राणी घ्या म्हणून.”

परीक्षेत बोलायचं नसतं. बोलायचं असतं तरी काय सांगणार. भांडण काढलं तर परीक्षा पुढं जाणार, आणि या अकरा जणींपैकी चौघींची लग्नं होळीच्या आत. त्यातल्या कुणाला परीक्षेसाठी सासरहून परत पाठवणार नव्हते. भागाबाई दोऱ्यांच्या डब्यापाशी गेली, राणीची लडी खालच्या कप्प्यात ठेवली आणि तळ खरडल्यासारखा एकेक विटका रंग वर काढू लागली. बिस्किटाचा रंग तयार कुठं मिळतो. मग तिनं सहा पदरी दोरा सोडवला, फिकट गुलाबीचा एक पदर आणि मातकटाचा एक पदर असे दोन्ही एकाच सुईत ओवले. पानांना राखाडी आणि वाळक्या मेंदीचा एकेक पदर. सुई उजेडाकडं धरून ती जरा जास्तच वेळ ओवत राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. अकराही पोरी उठल्या आणि त्यांनी तसंच केलं.

बाराही टेबलांवर बरोबरच्या खुणा झाल्या.

मग चार तास खोलीत सुयांशिवाय काही हललं नाही. पाकळ्यांना लांब-आखूड टाका, फांदीला देठटाका, मधोमध गाठीचा टाका. हात तेच होते, टाके तेच होते, फक्त फूल मेलेलं होतं. उन्हानं बावीस वर्षांत केलेलं काम भागाबाईला चार तासांत करायचं होतं. दुपारी रूपाली पुन्हा कुजबुजली.

“अक्का, त्यो गंजाचा डाग बी भरायचा का?”

“नमुन्यात हाय?”

“हाय की.”

“मग भर.”

सगळ्यांनी डाग भरला, विटकरी एकपदरी दोऱ्यानं. कसर लागलेल्या पानात जिथं साखळीचे तीन टाके गेले होते, तिथं तीन टाके सोडले. नसलेला टाका भरणं फार अवघड असतं. हात आपोआप तिकडं जातो. भागाबाईनं दोनदा उसवला.

चार वाजता मृत्युंजय फ्रेम आणि कापडं यांमध्ये ये-जा करत मोजू लागला. इथं तीन टाके नाहीत, बरोबर. इथंही नाहीत, बरोबर. एका पोरीनं पान पूर्ण भरलं होतं, तिचे दोन मार्क गेले. भागाबाईला शंभरात शहाण्णव पडले. गंजाचा डाग नमुन्यापेक्षा किंचित गडद झाला होता. ती सगळ्यांत पहिली आली. मृत्युंजयनं पत्रकावर सही केली, मॅडमनी सही केली, आणि ‘प्रशिक्षक’ म्हणून तिसरी सही भागाबाईनं स्वतःच केली.

पहिल्या आलेल्याचं काम नमुना म्हणून लावायचं, असा नियम निघाला. मृत्युंजयनं खिशातल्या टेस्टरनं फ्रेमचे खिळे उचकटले, मागचा पुठ्ठा काढला आणि तो थांबला.

कापडाच्या मागच्या बाजूला ऊन कधी पोचलंच नव्हतं. गाठी, सोडलेले धागे, एकमेकांवरून गेलेले टाके, आणि त्या सगळ्या गुंत्यात राणी. अजून ओला वाटावा असा. टायरच्या दुकानातून हवा भरायचा आवाज येत होता.

“ह्याला काय म्हणतात?” मृत्युंजयनं विचारलं.

“राणी.”

त्यानं सही केलेल्या पत्रकाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. सहाची कलबुर्गीची गाडी होती. पत्रकाला आता हात लावता येत नव्हता, आणि लावला असता तर बारा जणी पुन्हा उभ्या राहिल्या असत्या. त्यानं कापडाची घडी घातली, राणी आतल्या बाजूला ठेवून, दमानं, लग्नातला शेला ठेवतात तशी. ती दोन्ही हातांवर घेऊन भागाबाईपुढं धरली.

“अक्का, मला खरंच ह्यातलं कळत न्हाई वो.”

“न्हाई सायेब. तुमी नमुन्याबरहुकूमच केलाव.”

मॅडम म्हणाल्या, जुना तुम्ही घेऊन जा, आता त्याची नोंद राहिली नाही. नवा त्याच खिळ्याला लागला, त्याच खिडकीसमोर. हा मुळातच विटका. अजून वीस वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्या पोरींना पांढऱ्यावर पांढरं भरावं लागेल, असा भागाबाईच्या मनात हिशेब आला. सोमवारपासून नव्या पोरी येणार होत्या. गुलाबाला एक पदर मातकट घ्या, असं त्यांना सांगावं लागणार होतं. सांगायला आता तिच्याकडं प्रमाणपत्र होतं.

जनवाड्याच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं घडी सोडून कापड मांडीवर पसरलं. शेजारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेतलेली बाई बराच वेळ बघत होती. तिला शेवटी राहवलं नाही.

“अक्का, कापड उलटं धरलाव जणू.”

“व्हय,” भागाबाई म्हणाली.

बस वळली तसं मावळतीचं ऊन खिडकीतून आत आलं आणि मांडीवर पडलं. भागाबाईनं पदर ओढून कापडावर घेतला आणि जनवाडा येईपर्यंत हात तसाच ठेवला.