संशोधनाचा रकाना

डॉ. उदय परचुरे पुण्याहून भोपाळला येऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचं हिंदी भाजीवाल्यापुरतंच राहिलं. देवनागरी वाचता आली म्हणजे हिंदी येतंच, असा एक गोड समज आपल्या मराठी माणसाचा असतो. तो त्यांचाही होता.

त्यांच्या प्रयोगशाळेत करोंदच्या धान्य मंडीतली फाटकी बारदानं यायची. त्या तागापासून केसाहून बारीक कार्बनचे धागे काढायचे, त्यात चिमूटभर ग्राफीन घालायचं आणि वीज साठवणारे इलेक्ट्रोड करायचे, असं काम. दोन वर्षं ते धागे भट्टीत एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत होता. तो प्रश्न सोडवला विनिता काळमेघने. कंत्राटावरची तंत्रज्ञ, भोपाळातच तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली.

"सर, आपण जल्दी करतोय. रवा कसा भाजतो? आधी मंद आचेवर भाजू, मग आच वाढवू."

धागे सुटे निघाले. दहा हजार वेळा चार्ज करूनही इलेक्ट्रोड जवळजवळ पहिल्यासारखाच राहिला.

राज्याच्या एका पुरस्कारासाठी उदयनी आपणहून तिचं नाव पाठवलं. तो मिळाला की तिची नोकरी कायम होणार होती. निवड झाली, यादी तपासायला आली. विनिताच्या नावापुढे एक रकाना रिकामा होता: संशोधन. आता संशोधन कुणाचं, तर प्रयोगशाळेच्या प्रमुखाचंच की! उदयनी तिथे ऐटीत स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद विनिताच्याच हाती पुरस्काराच्या कचेरीत धाडला.

आठवड्याने पत्र आलं. 'आपके संशोधन के अनुसार' विनिताचं नाव काढून तिथे उदयचं घातलं होतं. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे त्यांना तेव्हा कळलं. हरकत घ्यायला दहा दिवस होते. एका ओळीचं पत्र पुरलं असतं. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या बढतीची मुलाखत होती. उद्या लिहू, परवा लिहू करत ते मूग गिळून बसले. लोक अभिनंदन करू लागले आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही. अकराव्या दिवशी मात्र त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटायला मुदत नसते ना!

मार्चमध्ये विनिताचं कंत्राट संपलं. ती बिट्टन मार्केटमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात लागली. उदयना चैन पडेना. बढतीची ऑर्डर हातात आली, तरी पडेना. शेवटी जूनमध्ये, सगळं सांगून टाकायचं ठरवून ते तिच्या दुकानाची पायरी चढले.

"विनिता, त्या रकान्याचं... मला संशोधन म्हणजे आपलं मराठीतलं वाटलं. शपथेवर सांगतो, चूक झाली."

ती बघतच राहिली. "म्हणजे माझं नाव तुम्ही जाणूनबुजून नाही काटलं? कचेरीतल्या बाबूने तेव्हाच विचारलं होतं मला, 'मॅडम, नाम कटवा रहे हैं, पक्का?' मी म्हटलं, सरांनी लिहिलंय तर सोच-समझके लिहिलं असेल." तिचे डोळे भरून आले. "इतके महिने मी तुम्हाला काय काय बोलले मनात! तुम्हाला कधी कळलं, सर?"

सांगायचं होतं ते नेमकं हेच होतं.

"मुदत संपल्यावर," उदय म्हणाले.

"मग तुम्ही तरी काय करणार," विनिता म्हणाली आणि तिने त्यांच्यासाठी चहा सांगितला.