हुंदक्यांचा साठा

चेतना राजवाडेला नोएडाच्या स्टुडिओतून फोन आला, की समजायचं, मालिकेत कोणीतरी गेलं. लग्नाची, बारशाची गाणी मुंबईहून तयार होऊन यायची. मढं निघालं की मात्र चेतना. पडद्यावर सुना-नणंदा तोंडावर हात ठेवून मागे सरकत आणि त्यांच्यामागे शब्दांवाचून जो 'आऽऽ' घुमे, तो तिचा. ग्वाल्हेर गायकीत अर्धं तारुण्य घालवलेल्या बाईने मिरवावं असं त्यात काही नव्हतं. नवरा केंद्र सरकारात अधिकारी, घर सरकारी, कशाची ददात नाही. तरी ती जायची, कारण दिल्लीत तिच्या गळ्याला दुसरं कोणी बोलावत नव्हतं. हे ती कोणाला सांगत नसे.

मालिकेचा संगीतकार गौरव. संगीतकार म्हणायचं ते त्याच्या कार्डावर तसं छापलं होतं म्हणून. पेटीवर सा शोधताना त्याची त्रेधा उडे, पण कम्प्युटरमधली व्हायोलिनं तो एका बोटाने वाजवायचा आणि वर 'फीलिंग आलं ना?' असं विचारायचा.

त्या दिवशी त्याने तिला माइकपुढे उभं केलं आणि काचेपलीकडून सांगितलं, "चेतनाजी, आज एका सीनपुरतं नाही. स्टॉक भरून ठेवू. छोटे, मोठे, सगळ्या साइजचे आलाप द्या. सासरा गेला तर छोटा पुरेल, हीरोला लांब लागेल."

"गेलंय कोण?"

"ते अजून ठरलं नाही. रेटिंग बघून ठरेल."

"आणि राग कुठला?"

"सॅड," गौरव म्हणाला.

चेतनाने डोळे मिटून जोगिया लावला. कोमल रिषभावर ती जरा रेंगाळली, त्याला हळूच आंदोलन दिलं. तिच्या गुरुजींनी या एका स्वरासाठी तिला महिनोन्महिने रडवलं होतं. आलाप संपल्यावर हेडफोनमध्ये गौरवचा आवाज आला, "बाकी ठीक आहे, मधे तो सूर हलतोय. टेन्शन नको, मशीनमध्ये सरळ करून घेऊ."

तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. तो समोसा खात होता. या माणसाच्या हाती देशातल्या निम्म्या घरांचं रडणं आहे, असं तिच्या मनात आलं आणि डोक्यात तिडीक गेली. पुढचा टेक तिने मुद्दाम वाईट गायला. नाकातून सूर काढला, मधेच आवाज फोडला, शेवटी भाजीवाल्याने पैसे बुडवले म्हणून गळा काढावा तसा हुंदका दिला. निव्वळ वाकुल्या दाखवल्या.

गौरवने समोसा खाली ठेवला. त्याचे डोळे पाणावले होते. "बस," तो म्हणाला, "हेच हवं होतं. आत्तापर्यंत कुठे लपवलं होतंत?"

पंधरवड्याने मालिकेतले आजोबा गेले. चेतनाच्या सासूबाई कुसुमावती ती मालिका एकही दिवस चुकवत नसत. चेतना त्यांचा चहा घेऊन आली तेव्हा टीव्हीवर तोच नाकातला गळा चालू होता आणि सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या.

"आई, ते मीच गायलेय," चेतना म्हणाली.

"तू?" सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "काहीतरीच काय. ही बाई किती जीव ओतून गातेय."

"चेष्टा केली होती हो मी. त्या गौरवची खिल्ली उडवायला गायले."

"राहू दे गं. तू छान गातेस, मी कुठे नाही म्हणते? पण तुझं गाणं ऐकून कधी कोणाला रडू आलंय का?" एवढं बोलून त्या पुन्हा आजोबांच्या तिरडीकडे वळल्या.

चेतनाने आतल्या खोलीत जाऊन तानपुरा लावला, जोगियाच घेतला आणि रिषभावर थांबली. सूर अगदी जागेवर होता. बाहेर सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून गौरवला फोन केला. "तो शेवटचा टेक काढून टाका. यापुढे मी येणार नाही." रात्रभर जुळवलेली आणखी चार खरमरीत वाक्यं तिच्या ओठांवर होती.

"अरे, नका येऊ ना," गौरव मोकळेपणाने म्हणाला. "मीच कळवणार होतो. तो एकच टेक सगळीकडे चालतोय. आमच्या न्यूज चॅनलवाल्यांनीही मागून घेतला. मानेसरला कारखान्यात आग लागली ना, त्या बातमीला लावला. काय उठला म्हणून सांगू. आता स्टॉक आहे, तुम्हाला त्रास नाही."

"त्या आगीत माणसं होती का?"

"असतील. मी साउंडचं बघतो."

चेतनाने फोन ठेवला. मग तिने ती बातमी मोबाइलवर शोधून काढली. कारखान्याच्या फाटकापाशी एक बाई ओरडून काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण तिचा आवाज काढून टाकला होता. त्या जागी चेतना नाकातून रडत होती. बाई काय सांगतेय ते कळावं म्हणून चेतनाने ती क्लिप पुन्हा पुन्हा लावली. एक शब्दही लागला नाही.