एकशे तीस अंश

फिजिओने कोनमापकाची एक पट्टी थोरलीच्या बरगड्यांलगत धरली, दुसरी दंडावर टेकवली आणि म्हणाली,

"हं, आता वर. जाईल तितका."

थोरलीचा उजवा हात कानाच्या दिशेने निघाला, खांद्याच्या थोडा वर गेला, थरथरला आणि थांबला.

"दुखतंय?"

"ओढ बसते. पुढे जातच नाही."

एकशे तीस. मागच्या सोमवारीही एकशे तीस, त्याच्या आदल्या सोमवारीही तेच. फिजिओने आकडा तक्त्यात लिहिला आणि पेनाचं टोपण जरा जास्तच जोरात लावलं.

पाच महिन्यांपूर्वी व्हॉलीबॉलच्या सामन्यात जाळ्यावर उडी घेताना थोरली हातावर पडली होती. खांद्याच्या खोबणीची कड फाटली. सर्जनने ती शिवली, सहा आठवडे हात झोळीत राहिला आणि मग ती इथे आली. पहिले दोन महिने सगळं अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. चाळीस, सत्तर, शंभर, एकशे तीस. आणि तिथे गाडं रुतलं ते रुतलंच.

"घरचे व्यायाम करतेस ना?"

"दिवसातून तीनदा."

"रबरी पट्ट्याचे?"

"तेही. धाकटीला विचारा हवं तर."

धाकटी बहीण बाहेरच्या बाकावर सरावाच्या कपड्यांत बसली होती. गुडघ्यांचे पट्टे घोट्यांपर्यंत उतरवलेले. दोन महिन्यांपूर्वी नवा मोसम सुरू झाला, तेव्हापासून संघात थोरलीच्या जागी तीच खेळत होती. दारातूनच म्हणाली, "मॅडम, मी स्वतः मोजते. एकही चुकवत नाही ती."

फिजिओने तक्ता पुन्हा उलटून पाहिला. तिला कळेना झालं होतं. एकशे तीसपर्यंत थोरलीच्या हातात असा जोर होता की तो दाबून धरताना फिजिओलाच पाय रोवून उभं राहावं लागे. पण टेबलावर निजवून हात हळूच वर न्यायला लागलं, की त्याच ठिकाणी दंड लाकूड होई. शेक दिला. मानेपासून पाठीपर्यंत सगळं मोकळं केलं. भिंतीवरच्या कप्पीची दोरी लांब केली, आखूड केली. शेवटी पुन्हा सर्जनकडे पाठवलं.

सर्जनचा फोन आला. "सांधा स्वच्छ आहे. फोटोत काही नाही. तुम्ही जरा घाबरत घाबरत हात लावताय का?"

अठरा वर्षं खांदे, कोपरं आणि मनगटं हाताळण्यात गेलेल्या बाईला हे वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला जमिनीवर आडवं केलं आणि त्याचा हात धरून वर नेऊ लागली.

"अगं, माझा खांदा चांगला आहे."

"म्हणूनच बघतेय."

तो हात सरळ कानाला लागला. ती मांडी घालून तशीच बसून राहिली, स्वतःच्या तळव्यांकडे बघत.

गुरुवारी सकाळी संघाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. "शनिवारी नावं कळवायची आहेत, मॅडम. तिचा अहवाल आजच द्या. होय की नाही, एवढंच सांगा. पाच महिने झाले."

"बघते," फिजिओ म्हणाली आणि उगाचच कपाटाचं दार आपटलं.

थोरली अकराला आली. आधीच्या रुग्णाचं कोपर अजून शेकाखाली होतं, म्हणून ती बाहेर थांबली. फिजिओ टॉवेल घ्यायला वळली आणि काचेच्या दारातून तिला दिसलं. थोरलीने रबर दातांत धरलं, दोन्ही कोपरं डोक्याच्या वर नेली, मोकळे केस गोळा करून टाळूपर्यंत ओढले, रबराचे तीन वेढे दिले आणि हात खाली आणले. कुठे अडखळणं नाही, ओठ आवळणं नाही.

फिजिओ टॉवेल धरून तशीच उभी राहिली. खांद्याच्या दुखण्यात केस बांधणं सगळ्यात शेवटी परत येतं, हे ती प्रत्येक बाईला सांगत आली होती.

थोरलीला आत घेतल्यावर तिने दार लोटून घेतलं.

"केस छान बांधलेस."

थोरलीचा हात केसांकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. ती खाली बघू लागली.

"झोप टेबलावर. आता खरा हात दाखव."

या वेळी दंड लाकूड झाला नाही. तेल दिलेल्या बिजागरीसारखा खांदा फिरला. एकशे बाहत्तर. इतक्या दिवसांनी हवा तो आकडा समोर होता, पण फिजिओला आनंद झाला नाही. तिचा आवाज चिरकला.

"तीन आठवडे मी स्वतःच्या हातांना दोष देत होते. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. रोज वाटलं." थोरली उठून बसली. "मॅडम, सात वर्षं ती माझ्या मागे बाकावर बसली. पाण्याच्या बाटल्या भरल्या, माझे बूट सांभाळले. आता कुठे लोक तिला तिच्या नावाने हाक मारतात. मी मैदानात उभी राहिले की सर तिला जागेवरून उठवणार. एवढा मोसम जाऊ दे. सरांना एकशे तीसच सांगा."

"तिला ठाऊक आहे?"

"छे. तिला कळलं तर ती खेळणारच नाही."

"खोटा आकडा मी लिहिणार नाही."

"मग तिला उठवलं, तर ते तुमच्यामुळे."

फिजिओने तक्ता उचलला, बाजूच्या खोलीत गेली आणि प्रशिक्षकांना फोन लावला. एकशे बाहत्तर, ताकद डाव्या हाताच्या जवळपास, दोन आठवडे फटक्यांचा सराव आणि मग सामना, असं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून चेंडूंचे आवाज येत होते.

"चला, बरं झालं," प्रशिक्षक म्हणाले. "राखीवमध्ये एक जागा आहेच. तिथे घेतो तिला."

"राखीवमध्ये?"

"धाकटीला आता कसा काढू? ती थोरलीपेक्षा उंचावरून मारते. खरं म्हणजे हे मी थोरलीला महिनाभरापूर्वीच सांगणार होतो. पण दुखण्यातल्या माणसाला काय सांगायचं? तुम्हीच सांगा जरा."

फिजिओने फोन ठेवला, तक्ता काखेत घेतला. मग आत आली. थोरली टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती.

"काय म्हणाले? उठवणार ना तिला?"

"नाही. जागा तिचीच राहणार. तुला राखीवमध्ये घेतायत."

"माझा हात बरा झालाय, हे सांगितलंत?"

"सांगितलं. ती तुझ्यापेक्षा उंचावरून मारते म्हणाले."

थोरलीने मान डोलावली.

"छान," ती म्हणाली. "मग प्रश्नच मिटला."

ती टेबलावरून उतरली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली. तिला न्यायला आलेली धाकटी बाहेर बाकावर बसून कुणाशी तरी फोनवर हसत बोलत होती. थोरलीचा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला. बाहेरचं हसू थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मग तिने पिशवी खाली ठेवली, भिंतीकडच्या मांडणीपाशी गेली आणि एक किलोची, दोन किलोची डंबेल्स ओलांडून तीन किलोचं उचललं.

"मॅडम, पूर्ण जोर यायला किती दिवस लागतील?"

"दोन आठवडे. सरांनाही तेच सांगितलंय."

"त्याच्या आत नाही होणार?"

तिने हात वर नेला, कोपर ताठ झालं, खांदा कानाला भिडला. खाली आणून लगेच पुन्हा वर नेला. फिजिओने पुढे होऊन तिच्या मुठीतून डंबेल सोडवलं आणि एक किलोचं दिलं.

"हळू."

थोरलीने ते घेतलं. तिची नजर काचेपलीकडे, धाकटीवर होती.