आतली उत्तरा

शहाऐंशी साली प्रेमलताचं लग्न झालं, तेव्हा ताटातल्या तांदळांवर अनंतने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं : उत्तरा. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तिचंही सासरचं नाव तेच.

"माझ्या जिभेला वळण पडलं आहे वं," सासूबाई यमुताई म्हणाल्या. "या वयात नवं कुठे घोकू?"

सगळे हसले. प्रेमलताही हसली.

महाल पेठेतल्या त्या घरात तिला काही शोधावंच लागेना. चिंचेची बरणी कुठे, कोणतं दार दाबून लावायचं, कोणी न सांगता हाताला ठाऊक असे. आधी बरं वाटलं. मग एकदा ऑफिसात तिने सही केली, आणि अक्षर तिचं नव्हतं.

कॉम्प्युटर सेंटरमध्ये ती प्रोग्राम लिही. त्या दुपारी मे महिन्याचं सर्वांत जास्त तापमान काढत होती. लूपच्या, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या, आत रोजचा आकडा बरोबर येई. लूप संपलं की शून्य.

वरिष्ठ मनोहरराव पडद्यावर वाकले. "काहून डोकं फोडून राहिली? 'तापमान' नावाचं खोकं वर एकदा ठेवलं, अन् लूपमध्ये त्याच नावाचं दुसरं. आत हाक मारली की आतलंच ओ देते. वरचं झाकलं जाते."

"पुसलं जातं?"

"छे! जसंच्या तसं राहते. लूप संपलं की आतलं जाते, वरचं पुन्हा दिसते."

कूलर घरघरत होता. तिने पडद्यावरच्या दोन्ही 'तापमान'वर एकेक बोट ठेवलं. "मग करायचं काय?"

"आतल्याले दुसरं नाव दे. मग दोघं एकमेकांले दिसतील."

संध्याकाळी घरी येताच तिने ताटात तांदूळ पसरले आणि स्वतःच्या बोटाने लिहिलं : प्रेमलता.

अनंत बघत राहिला. "आईला चालणार नाही."

"मी जाईन हो अशाने," ती म्हणाली. "मला माझ्या नावाने हाक मारा."

तेवढ्यात माजघरातून यमुताईंची हाक आली, "उत्तरा, चहा ठेव वं!"

प्रेमलताने ओठ घट्ट मिटले.

"ठेवून राहिले, आई," स्वयंपाकघरातून आवाज आला. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज झाला.

थोड्या वेळाने यमुताई वाफाळती कपबशी घेऊन बाहेर आल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा निवलेला होता. प्रेमलताला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "कोणाकडे आल्या तुम्ही?"

प्रेमलताने अनंतकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला होता.