मिथुन, वृश्चिक आणि मी

मी एक रेकॉर्ड बोलतेय. मोठी नाही, बशीएवढीच. एका बाजूला एकच गाणं मावतं. माझं गाणं राशींचं. कुणाचं कुणाशी जमेल आणि कुणी कुणापासून लांब राहावं, हे एक बाई भलत्या ठसक्यात सांगते. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलतात. स्वतःचं कौतुक करत नाही, पण खरं ते खरं.

कारखान्यातून मी थेट एका रेकॉर्डच्या दुकानात आले. वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी जाईन, लोक माझ्यावर नाचतील. पण दुकानाच्या मागच्या खोलीत प्लेअर दुरुस्त करणारा एक अबोल माणूस बसायचा. त्याने मला जरा ऐकलं आणि म्हणाला, "हिच्यात खालचा आवाजही आहे आणि वरचाही. तपासायला बरी." झालं, मी त्याचं हत्यार बनले.

दुरुस्त झालेला प्रत्येक प्लेअर माझ्यावर तपासला जाई. सुई ठेवायची, पहिलं कडवं ऐकायचं, वेग बरोबर आहे ना ते बघायचं आणि सुई उचलायची. दिवसातून सात-आठ वेळा, अशी चार वर्षं. दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणी आलंच नाही.

आणि पहिलं कडवं संपतं कुठे? 'मिथुन आणि वृश्चिक, एकमेकांच्या वाटेला जाऊ नका' या ओळीवर. दुरुस्तीवाल्याची रास मिथुन. दुकानाच्या मालकिणीची वृश्चिक. हे सगळ्यांना ठाऊक, कारण मालकिणीची आत्या रोज सकाळी विणकाम बाजूला ठेवून पेपरातलं प्रत्येकाचं भविष्य मोठ्याने वाचायची.

त्याचा तिच्यावर जीव होता. ती चहा घेऊन मागे आली की त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हमखास खाली पडायचा. तिचंही तसंच असावं, नाहीतर एका कपासाठी इतक्या फेऱ्या कोण मारतं? पण एकच गोष्ट रोज आठ वेळा कानावर पडली की शहाणा माणूसही ती मानायला लागतो. तो गप्प राही. मला फार अपराधी वाटायचं. पुढचं सगळं माझ्या पोटात होतं, पण सुईशिवाय मी बोलणार कशी?

शेवटी त्याने दुसऱ्या गावात नोकरी धरली. निघायच्या दिवशी तो हत्यारं पेटीत भरत होता आणि एक प्लेअर तपासायचा राहिला होता.

"तुम्ही आवरा, मी बघते," मालकीण म्हणाली आणि तिने सुई ठेवली. पहिलं कडवं झालं.

"उचला आता," तो सवयीने म्हणाला.

"का? गाणं चाललंय की अजून."

"एवढंच पुरतं."

"मला नाही पुरत."

आणि मी पहिल्यांदाच पुढे गेले. इथल्या रेघा अजून कोऱ्या होत्या, आवाज लख्ख निघाला. बाई हसत सांगू लागली: मी मिथुन, आमचे हे वृश्चिक. बारा वर्षं भांडतोय, आणि एक दिवसही एकमेकांवाचून करमत नाही. तारे काय ते सांगू देत, तुम्ही आपल्या माणसाला सोडू नका.

तो पक्कड हातात धरून तसाच उभा राहिला. "हे पुढे असं आहे होय?"

"चार वर्षं वाजवताय, आणि माहीत नाही?"

"मी आधीच उचलायचो." मग फार हळू म्हणाला, "माझी रास मिथुन आहे."

"ठाऊक आहे. आत्याला रोज मिथुनेचं भविष्य वाचायला मी कुणासाठी लावते?"

बाहेरून आत्याचा आवाज आला, "पेटी रिकामी कर रे बाबा. आणि इकडे ये, स्वेटरचं माप घेऊ दे."

आता मी त्या दोघांच्या घरी असते. पहिल्या कडव्यात माझी फार खरखर होते. दुसरं अजून नव्यासारखं आहे. हात असते तर जोडून सांगितलं असतं, की बाबांनो, सुई मध्येच उचलू नका. पण या घरात ते सांगावं लागत नाही. मी वाजायला लागले की तो खुर्चीत बसतो, आणि गाणं संपेपर्यंत चहासाठीसुद्धा उठत नाही.